एकाच चवीचं तेल

गारा आल्या म्हणून ऑस्नात त्या दुकानात शिरली. नाहीतर महाने येहुदाच्या बाजारात तेलवाले काय कमी आहेत! आणि तिला तेल नकोच होतं. ती आईसाठी बीट घ्यायला आली होती. बीट पिशवीत, छत्री घरी, आणि वरून वाटाण्याएवढ्या गारा ताडताड पडायला लागल्या.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना स्टीलची पिंपं, प्रत्येकाला तोटी. मागे लोकरी टोपी घातलेला एक उंच तरुण उभा होता. छत बेताचं असल्यामुळे त्याला मान जरा वाकवूनच उभं राहायची सवय लागली असावी.

“या, आत या. गारांपासून आसरा फुकट आहे. तेल चाखणं मात्र सक्तीचं.”

“मला तेल नकोय.”

“इथे येणाऱ्या कुणालाच नको असतं. चाखलं की हवं होतं.”

त्याने पावाचा तुकडा हिरव्यागार तेलात बुडवून पुढे केला. आता माणूस एवढं आर्जवाने देतोय म्हटल्यावर... ऑस्नातने घेतला. जिभेवर गवताचा वास, मग लोण्यासारखं मऊ काहीतरी, आणि मग एकदम घशात मिरी घुसली. ती खोकली. परत खोकली.

“दोनदा!” त्याचे डोळे चमकले. “एकदा खोकला आला तर तेल चांगलं. दोनदा आला तर घरी न्यायच्या लायकीचं.”

“आणि तिसऱ्यांदा आला तर?”

“मग तेलवाल्यालाच घरी न्यावं लागतं.”

ऑस्नातला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच तिसरा खोकला आला. त्याने फक्त टोपी काढून, केस सारखे करून पुन्हा घातली... जणू आता निघायचंच आहे.

त्याचं नाव अवनेर. तेलाचं वेड त्याला वडिलांकडून आलेलं आणि बढाई मारायची खोड जन्मजात. डोळे बांधून तेल चाखायला द्या, कुठल्या टेकडीवरचं ते सांगतो, म्हणाला.

“जीभ फसते,” ऑस्नात म्हणाली.

“माझी नाही.”

“सगळ्यांची फसते. मी रोज फसवते.”

बोलून गेली आणि तिने ओठ चावला.

“असं? काय करता तुम्ही?”

“हॉस्पिटलच्या तळघरात बाटल्या भरते.”

“घ्या! मीही बाटल्याच भरतो. फक्त मला ऊन मिळतं.”

गारा केव्हाच थांबल्या होत्या. दोघांनाही ते दिसत होतं आणि दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही.

हनुक्का तोंडावर आला होता. तेलाचा सण, त्यामुळे अवनेरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरीही ऑस्नात आली की गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून तो तिच्यासाठी पाव शोधायचा. तिची आई म्हणे, “अगं, आपण काय तेलात अंघोळ करणार आहोत का? स्वयंपाकघरात सहा बाटल्या झाल्या!” सणाच्या शेवटच्या संध्याकाळी, दुकानातल्या सगळ्या वाती पेटल्यावर तो तिला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला.  तिने दिव्यांकडे बघत उत्तर दिलं, “ऐकलं मी. पुन्हा म्हण.”

ती तळघरात नेमकं काय भरते हे तिने कधी सांगितलं नाही. तिला ते सांगायचं नव्हतंच. हॉस्पिटलमध्ये मुलांवर एक प्रयोग चालू होता. ज्यांच्या फिट्स कुठल्याच औषधाला दाद देत नव्हत्या अशी मुलं. त्यांना गांजाच्या रोपातला एक अर्क तेलातून द्यायचा, नशा आणणारा नव्हे, दुसरा, आणि फिट्स कमी होतात का ते बघायचं. पण अर्क निम्म्याच मुलांना. उरलेल्यांना नुसतं ऑलिव्हचं तेल, तोच रंग, तोच पुदिन्याचा वास, तसंच कडू. आईबापांना माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. कारण आशा लागली की आईला मूल बरं दिसायला लागतं, आणि डॉक्टरलाही. डॉक्टर काही देवदूत नसतात.

कुणाच्या बाटलीत काय, हे एकाच माणसाला माहीत असायचं. तो माणूस ऑस्नात. बाटल्यांवर नावं नसायची, नुसते आकडे असायचे. म्हणून तिला एकच नियम होता आणि तो कडक होता. या मुलांना भेटायचं नाही, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं नाही. बाटल्या भिंतीतल्या झडपेतून जायच्या. वरची नर्स झ्मीरा पलीकडून हात घालून घ्यायची. घरच्यांनीही या तेलाबद्दल बाहेर वाच्यता करायची नसे, आणि तसंही कोण करणार? गांजाचं नाव निघालं की बाजार काय काय बोलेल!

अर्क कडू होता, म्हणून नकली तेलही कडू करावं लागे. ते काम ऑस्नात मोठ्या हौसेने करायची. कडवट पाल्याचा काढा थेंब थेंब घालायचा, चाखायचा, पुन्हा घालायचा. शेवटी ज्या दिवशी तिला स्वतःलाच दोन्हींतला फरक कळेनासा झाला, त्या दिवशी तिने आईसाठी केक नेला होता.

हिवाळा सरत आला. बदामाची झाडं फुलली आणि अवनेर म्हणाला, “शुक्रवारी ताईकडे जेवायला चल. सिगालित तुझ्याबद्दल विचारून विचारून माझं डोकं खातेय. आणि शाकेदलाही भेट. माझी भाची. सहा वर्षांची आहे. ती... थोडी आजारी असते. पण तू घाबरू नकोस हं.”

“मी कशाला घाबरेन?”

“आमच्या ताईला घाबर. तिला सगळे घाबरतात.”

शुक्रवारी ऑस्नातने निळा ड्रेस घातला. सिगालितने दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावाला म्हणाली, “ही चांगली आहे रे. हिला तू कुठे भेटलास, आणि हिने तुझ्यात काय पाहिलं?”

शाकेद सोफ्यावर बसली होती. डोक्याला मऊ हेल्मेट, हनुवटीखाली रुमाल, डोळे मोठे आणि झोपाळलेले. ऑस्नात जवळ बसली तशी तिने तिचं बोट पकडलं. मग अवनेरकडे बघून, फार कष्टाने, दोन्ही ओठ मिटून म्हणाली, “मा... मा.”

“ऐकलंस?” अवनेर म्हणाला. “तिला तीनच शब्द येतात. त्यातला एक मी आहे.”

वाइनवरचे मंत्र झाले, पाव मोडला, मासा आला. जेवण संपत आलं तेव्हा सिगालित उठली आणि फडताळातून एक तपकिरी बाटली घेऊन आली. त्यावर आकडा होता, सतरा. तो आकडा ऑस्नातच्या अक्षरात होता.

तिचा घास तोंडातच राहिला.

सतरा. नुसतं तेल.

“हे आमचं गुपित,” सिगालित ड्रॉपर भरत म्हणाली. “आता तू घरचीच होणार, तुझ्यापासून काय लपवायचं? गांजाचं औषध आहे. प्रयोग चालू आहे. निम्म्या पोरांना खोटं देतात म्हणे, पण आपल्याला खरं मिळालंय.”

“कशावरून?” ऑस्नातने विचारलं. 

“मी चाखलं ना!” अवनेर फुशारकीने म्हणाला. “वीस वर्षं तेल चाखतोय. मिरीसारखं घशात लागतं ते तेलाचं. पण त्याच्या मागून येतं ते कडू तेलाचं नाही. ते पाल्याचं आहे. ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं, देवाचे आभार मान, खरं आहे.”

ते कडू ऑस्नातचं होतं. स्वतःच्या हाताने घातलेलं.

“आणि फरक बघ ना,” सिगालित म्हणाली. “नजर कशी ठरते आता! म्हणून मी त्या जुन्या गोळ्या कमी करायला लागलेय. त्या गोळ्यांनी पोरगी दिवसभर पेंगते, लाळ गळते. सकाळची अर्धी केली. पुढच्या आठवड्यात बंद.”

“नको!” ऑस्नात म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. “म्हणजे... डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.”

“डॉक्टर नाहीच म्हणणार. डॉक्टरला कुठे रात्रंदिवस तिची लाळ पुसायची असते?”

शब्बाथ, विश्रांतीचा वार लागलेला, बस बंद. अवनेर तिला पोचवायला चालत निघाला. भुरभुर पाऊस होता. त्याने आपली टोपी तिच्या डोक्यावर घातली आणि कानांवर ओढून नीट बसवली. जिन्याच्या पायऱ्यांवर ऑस्नात थांबली.

“अवनेर, ताईला गोळ्या कमी करू देऊ नकोस.”

“का?”

सांगून टाकावं. तीन शब्दांचं काम. पण सांगितलं की शाकेद प्रयोगातून बाद. आणि प्रयोगाचा दुसरा टप्पा पेसाहनंतर, म्हणजे वसंतातल्या सणानंतर होता. त्यात सगळ्या मुलांना, खोट्या तेलावरच्यांनासुद्धा, खरं औषध मिळणार होतं. बाद झालेल्यांना मात्र नाही. सहाच आठवड्यांचा प्रश्न होता. सहा आठवडे मूग गिळून बसायचं, बस.

“तसा... नियम असतो,” ती म्हणाली.

“नियम!” तो हसला. मग हसणं थांबवून तिच्याकडे बघत राहिला. “तू आमच्या शाकेदसाठी रडतेयस?”

“पाऊस आहे.”

“टोपी मी घातलीय तुला. डोळ्यांत पाऊस येत नाही.” त्याने अंगठ्याने तिचा गाल पुसला. अंगठ्याला तेलाचा वास होता. “पहिल्याच भेटीत तिच्यासाठी रडणारी मुलगी मला कुठे मिळणार? ऑस्नात... लग्न करशील माझ्याशी?”

असं विचारल्यावर जगातली कुठलीही मुलगी जे म्हणते ते तिला म्हणायचं होतं. तिच्या ओठांवरही आलं होतं.

“पेसाहनंतर सांगते,” ती म्हणाली.

“पेसाहनंतर का? काय, सणासाठी घरातला पावाचा कण न् कण झाडून झाल्यावर?”

“हो. घर स्वच्छ झाल्यावर.”

“बरं बाई. मी काय, तेलवाला. तेल मुरेपर्यंत थांबायची सवय आहे मला.”

सोमवारी तिने झडपेतून झ्मीराला म्हटलं, “सगळ्या आईबापांना पुन्हा एकदा बजाव ना... जुनी औषधं कुणी आपल्या मनाने कमी करायची नाहीत.” झ्मीराने बजावलं. सिगालितने मान डोलावली आणि घरी जाऊन सकाळची गोळी बंद केली. ऑस्नातने अवनेरला आणखी दोनदा टोकलं. “बोललो मी ताईशी,” तो म्हणाला. “ती म्हणते, तुझी बाटल्या भरणारी डॉक्टर कधीपासून झाली?” आणि हे सांगताना त्याने तिच्या नाकावर टिचकी मारली.

एवढं केल्यावर आपण करायचं ते केलं असं ऑस्नातला वाटलं. तसं वाटून घेणं सोपं असतं.

पुरीमचा, सोंगं घेण्याच्या सणाचा दिवस उजाडला. रस्तोरस्ती राजे, राण्या, वाघ, जोकर. कामावर येताना तिला अवनेरचा फोटो आला होता. शाकेद म्हणजे बदाम, म्हणून तिला बदामाच्या झाडाचा वेश केलेला, हेल्मेटभर गुलाबी कागदी फुलं. खाली त्याने लिहिलं होतं, ‘माळी कोण ते ओळख.’ ऑस्नात तो फोटो बघत होती आणि भिंतीवरचा फोन वाजला. तो फोन कधीच वाजत नसे. मुलाच्या जिवावर बेतलं तरच डॉक्टरांनी तिला विचारायचं, अशी पद्धत होती.

“इमर्जन्सीतून बोलतेय,” प्रयोगाच्या डॉक्टर हागित म्हणाल्या. फोन मोठ्या आवाजावर टाकलेला असावा. मागून यंत्रांचे आवाज येत होते, कुणीतरी हुंदके देत होतं. “मुलीची फिट थांबत नाहीये. तिच्या अंगात अर्क असेल तर झोपेचं इंजेक्शन बेताने द्यावं लागेल. नंबर सतरा. बाटलीत काय आहे?”

ऑस्नातने फोन घट्ट धरला.

“लवकर बोला!”

“तेल,” ती म्हणाली. “नुसतं तेल आहे.”

“खात्रीने?”

“मीच भरलंय.”

 मग फोनपासून लांब, पण अगदी स्पष्ट, एक ओळखीचा आवाज आला. “ऑस्नात?”

शाकेद वाचली. दुपारपर्यंत फिट थांबली. संध्याकाळी अवनेर तळघराच्या जिन्यावर आला. टोपी हातात होती आणि तिच्यावर एक गुलाबी कागदी फूल चिकटलेलं होतं.

“तुला माहीत होतं.”

“त्या शुक्रवारी कळलं. बाटली बघितल्यावर.”

“आणि तू जेवलीस. आमच्यात बसून मासा खाल्लास.”

“मी सांगितलं होतं, गोळ्या कमी करू नका—”

“तू ‘नियम’ म्हणालीस! या देशात नियम म्हटल्यावर कोण थांबतं, ऑस्नात? एकदा म्हणायचं होतंस, नुसतं तेल आहे. मी ताईच्या हातातून त्या गोळ्या हिसकावून पोरीच्या तोंडात घातल्या असत्या.”

“आणि ती प्रयोगातून बाद झाली असती! पेसाहनंतर तिला खरं मिळणार होतं—”

“आता मिळणार आहे?”

 आता तर शाकेदचा नंबर फुटलाच होता; ती आपोआप बाद.

“ती मला बघत नाही,” तो म्हणाला. “डोळे उघडले, माझ्यावरून गेले... मी म्हटलं, मामा, बोल, मामा...” 

तिने हात पुढे केला. तो एक पायरी मागे सरकला, आणि त्या एका पायरीने तिच्या मनातलं सगळं कडू वर आलं.

“आणि तू? चाखून कुणी सांगितलं ताईला, की खरं आहे म्हणून? वीस वर्षांची जीभ! तिने त्या गोळ्या तुझ्या शब्दावर कमी केल्या, अवनेर. माझ्या नाही.”

त्याने तोंडावर हात दाबला. 

“ते कडू,” त्याने शेवटी विचारलं, “काय होतं ते?”

“पाला. मी घातला होता.”

“छान घातलास,” तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑस्नातने डॉक्टरांना सगळं सांगितलं. तिला प्रयोगातून काढून तळमजल्यावरच्या औषधांच्या खिडकीवर बसवलं. तिथे ऊन यायचं. पेसाह आला, घरातला पाव झाडून झाला, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. बीट घ्यायला ती आता दुसऱ्या बाजाराला जाई.

प्रयोग यशस्वी झाला. अर्क मिळालेल्या बऱ्याच मुलांच्या फिट्स कमी झाल्या होत्या, आणि ते आईबापांच्या आशेने नव्हे, हे खोट्या तेलामुळेच सिद्ध झालं. म्हणजे ऑस्नातच्या कडूमुळे. डॉक्टर हागित तिला कॉरिडॉरमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुझं तेल फार उत्तम होतं हो.” दीड वर्षाने औषध चिठ्ठीवर मिळायला लागलं. सिगालित ते न्यायला नेमकी ऑस्नातच्या सुट्टीच्या दिवशी येते, असं झ्मीराने तिला कधीतरी सांगितलं होतं. फिट्स निम्म्यावर आल्यात, हेही सांगितलं होतं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी खिडकीशी चिठ्ठी सरकली. ऑस्नातने नाव वाचलं आणि मान वर केली.

“ताईला ताप आलाय,” अवनेर म्हणाला. टोपी तीच होती. कानांजवळ पांढरे केस आले होते, ते तिने पाहिले नव्हते.

“शाकेद कशी आहे?”

“चालते. हसते कधीकधी.”

“बोलते?”

“नाही.”

ऑस्नातने फडताळातून बाटली काढली. दोन्ही हातांनी धरून ती खिडकीशी ठेवली. आता त्यांना भेटायला, बोलायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. मागे रांगेत फक्त एक म्हातारे गृहस्थ होते आणि तेही भिंतीवरची पत्रकं वाचत होते. तो काही म्हणेल म्हणून ती थांबली. मी काही म्हणावं म्हणून तो थांबलाय, असंही तिला क्षणभर वाटलं.

“अवनेर... मी हो म्हणणार होते,” ती म्हणाली. “पेसाहनंतर.”

“माहीत होतं मला.”

त्याने बाटली उचलली, उन्हाकडे धरली.

“यात आहे ना? या वेळी?”

“आहे,” ती म्हणाली.

त्याने झाकण फिरवलं. चवीवरून काही कळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्याने ड्रॉपरने एक थेंब जिभेवर घेतला आणि डोळे मिटले, दुकानात तेल चाखताना मिटायचा तसेच. घसा हलला. तो खोकला नाही.

“सारखंच लागतंय,” तो म्हणाला.

“सारखंच लागायला हवं होतं,” ऑस्नात म्हणाली.

त्याने झाकण घट्ट लावलं, बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हाताऱ्या गृहस्थांना वाट करून देत तो निघून गेला.